उम्म सालिमच्या आजीची भेंडी

संपादकांनी फोनवर सांगितलं, वाळवंटात झाडं लावायच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं. मी हो म्हटलं. बावीस वर्षं ओमानमध्ये काढली, त्यातली चौदा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नर्सरी सुपरवायझर म्हणून. गमतींना तोटा नाही. एका कारखान्याच्या मॅनेजरला भर जुलैत दोन दिवसांत हिरवळ हवी होती, कारण कुणी बडा पाहुणा येणार होता. मी म्हटलं, साहेब, उगवायलाच तीन आठवडे लागतात. तो म्हणाला, उगवू नका, नुसती दिसू द्या. मग आम्ही वाळक्या गवतावर हिरवा रंग फवारला. पाहुणा गाडीतून उतरलाच नाही, काचेतून हात हलवून गेला. दुसऱ्या एकाला पानं न गाळणारी झाडं हवी होती. मी चिडून प्लास्टिकची सुचवली, तर त्याने खरोखरच कोटेशन मागितलं.

असे पाच-सात किस्से लिहून मोकळा झालो असतो. पण गेले कित्येक महिने लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढे येऊन उभी राहते, आणि ती हलकीही नाही, फुलकीही नाही. तीच सांगतो. आमच्या कोकणात दिवाळीची पहाट कारीट फोडून, त्याचा कडूपणा जिभेला लावूनच सुरू होते. वाचकांनी तेवढं चालवून घ्यावं.

आधी धंदा समजून घ्या. तिकडे झाड लावणं सोपं, ते वर्षभर जगवून 'हँडओव्हर' करणं कठीण. गोड माती ट्रकने आणायची, खड्ड्यात भरायची, ठिबकची नळी सोडायची आणि देवाचं नाव घ्यायचं. वर्षाने मोजणी होते, जिवंत तेवढी तुमची. लोकांना वाटतं शत्रू ऊन. ऊन दिसतं तरी, त्याला जाळी बांधता येते. खरा शत्रू मीठ. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून माणसांनी इतकं पाणी उपसलं की समुद्र खालून आत शिरला. विहिरी आधी मचूळ झाल्या, मग खाऱ्या. सकाळी वाफ्यावर पांढरा पापुद्रा दिसला की समजायचं, आता रोप जाणार. डॉक्टर नळी घेऊन फिरतो तसा मी क्षार मोजायचं यंत्र खिशात घेऊन फिरायचो. शिक्षण कृषी पदविका, तीही दुसऱ्या वर्गात, पण सगळे मला 'मुहंदिस' म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. मीही कधी दुरुस्ती केली नाही.

आता अर्बाब. अर्बाब म्हणजे ज्याच्या नावावर आपण त्या देशात असतो तो मालक. माझा अर्बाब वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर गोष्ट फार सोपी होईल. माझे वडील गेले तेव्हा त्याने तासाभरात पासपोर्ट हातात ठेवला आणि स्वतः गाडी चालवत मला मस्कतच्या विमानतळावर सोडलं. वसाहतीला लागून त्याच्या घराण्याची जुनी खजुराची बाग होती. नव्या रस्त्यात ती जाणार होती, आणि तिथली तीनेकशे झाडं उचलून दुसरीकडे लावायचं काम आमच्याच कंपनीकडे आलं. दोन हजार बारा-तेराचा सुमार असेल.

मोठं खजुराचं झाड उचलणं हे देखणं काम आहे. झावळ्या वर घेऊन अंबाड्यासारख्या बांधायच्या, मुळांचा गड्डा मातीसकट कापून गोणपाटात गुंडाळायचा, खोडावर उत्तरेच्या बाजूला चुन्याची रेघ ओढायची. नव्या जागी ती रेघ पुन्हा उत्तरेलाच आली पाहिजे. जन्मभर ज्या बाजूने ऊन खाल्लं ती बाजू बदलली तर झाड भाजतं, असं जुने लोक सांगतात आणि ते खरं आहे. माणसांच्या पाठीवर अशी रेघ कुणी ओढत नाही. आम्ही सगळेच कुठल्यातरी भलत्या बाजूला तोंड करून उभे होतो.

त्या बागेच्या कोपऱ्यात, पडक्या विहिरीपाशी उम्म सालिम राहायची. तिचं नाव झुवेना, पण थोरल्या मुलाच्या नावाने सगळे तिला उम्म सालिम म्हणायचे, सालिमची आई. सत्तरी ओलांडलेली, काळीभोर, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. आमच्या मजुरांशी बोलून बोलून तिला बाजारी हिंदी येत होती. तिच्या झोपडीमागे दोन गुंठ्यांत चवळी, माठासारखी एक पालेभाजी आणि भेंडी. भेंडी बुटकी, देठ आणि खोड लालबुंद, अंगभर लव, हाताला टोचणारी. मी सवयीने विहिरीच्या पाण्यात यंत्र बुडवलं आणि आकडा बघून पुन्हा बुडवलं. त्या पाण्यात आमच्या नर्सरीची हायब्रिड भेंडी आठ दिवसांत मान टाकते. हिची फुलावर होती.

आमची ओळख मात्र भेंडीने झाली नाही, भाकरीने झाली. मी दुपारी तिच्या सावलीत डबा उघडायचो. बायकोने गावाहून नाचणीचं पीठ पाठवलेलं असायचं, मी आपला पहाटे उठून दोन काळ्या भाकऱ्या थापायचो. एकदा तिने विचारलं, ये काला खुब्ज क्या है. मी तुकडा दिला. तिने चावला, थांबली आणि म्हणाली, इसका दाना दिखाओ. पुढच्या महिन्यात कुणी गावाहून आलं त्याच्याकडून मूठभर नाचणी मागवून दाखवली. तिने ते दाणे तळहातावर पसरले आणि बराच वेळ बोटाने फिरवत बसली.

तिची आजी अशा बारीक लालसर दाण्याची पेज आठवून रडायची. त्याला ती 'विंबी' म्हणायची. उम्म सालिमने तो दाणा जन्मात पाहिला नव्हता, नुसता शब्द ऐकला होता. आजीच्या भाषेतला तो एवढा एकच शब्द घरात उरला होता.

मला गंमत वाटली. नाचणी ही आमची, कोकणातल्या वरकस जमिनीची, असंच मी धरून चाललो होतो. मग परीक्षेत एका मार्काला आलेला प्रश्न आठवला. नाचणी, ज्वारी, चवळी, भेंडी, सगळ्यांपुढे मी 'मूळस्थान आफ्रिका' असं लिहिलं होतं आणि मार्क मिळवला होता. आपल्याकडे ही पिकं हजारो वर्षांपूर्वी आली, कोणी आणली ते कुणी लिहून ठेवलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. उत्तर बरोबर होतं, तेवढं पुरे होतं.

उम्म सालिमची आजी मात्र कालपरवाची होती. सात-आठ वर्षांची असताना तिला समुद्रापलीकडच्या गावातून पकडलं, गलबतातून या किनाऱ्यावर आणलं आणि या बागेत विकलं. विकत घेणारा माझ्या अर्बाबचा पूर्वज. पकडायच्या आधी तिच्या आईने तिच्या कमरेच्या फडक्याच्या गाठीत थोडं बी बांधलं होतं. का बांधलं, लावायला की भाजून खायला, ते त्या पोरीलाही ठाऊक नव्हतं. पुढे बागेत खजुराला पाणी काढता काढता तिने ते विहिरीच्या कडेला टोचलं. उगवली ती भेंडी. शंभर वर्षं दर हंगामाला घरातल्या बाईने तिचं बी राखलं. यात खरं किती आणि घरात सांगता सांगता वाढलेलं किती, मला सांगता येणार नाही. पण त्या खाऱ्या पाण्यातली झाडं मी मोजून पाहिली होती, तेवढी साक्ष मला पुरली. उम्म सालिम ती भेंडी सुक्या माशाबरोबर शिजवायची. आमच्याकडे भेंडीत सोडे घालतात, त्याची चव आठवून मला पहिल्याच घासाला घरची याद आली.

बागेत त्या आजीला मब्रूका म्हणत, म्हणजे बरकतीची. ते नाव मालकाने ठेवलेलं. तिचं स्वतःचं, आईने ठेवलेलं नाव वेगळं होतं.

त्याच सुमाराला सोहारला एक शेतीचं प्रदर्शन भरणार होतं आणि जुने स्थानिक वाण मागवले होते. बी पाठवायचं, फॉर्म भरायचा, ते जतन करणार, पाटी लावून मांडणार. बाग तर पंधरा दिवसांत उठणार होती. मी तिला म्हटलं, तुझं बी तिथे पाठवतो, राहील तरी. दुसऱ्या दिवशी तिने वाळक्या भेंड्यांची माळ माझ्यापुढे ठेवली.

"दादी का नाम लिखेगा तो ले जाओ, मुहंदिस," ती म्हणाली. "मब्रूका नहीं, असली नाम. नहीं लिखेगा तो छोड़ो, मेरे साथ खलास होने दो."

आणि तिने ते नाव सांगितलं. तिच्या मुलांना ते माहीत नव्हतं. त्यांनी केव्हाच मालकाच्याच कबिल्याचं नाव लावलं होतं, जसं तिकडे सुटका झालेल्या सगळ्यांनी लावलं. सोयरिकी जुळवताना जुनं उकरलं गेलं तर त्यांना खाली बघावं लागायचं. मी बाहेरचा, उद्या निघून जाणारा, म्हणून मला सांगितलं. मी ते दोनदा म्हणून पाहिलं. मधल्या अक्षरावर जीभ अडखळत होती. लिहून घेतलं नाही, कारण हात मातीचे होते आणि फॉर्मवर लिहायचंच होतं.

फॉर्म मी भरला तो गाडीच्या बॉनेटवर, एक झाड क्रेनला लटकत असताना. पिकाचं नाव, ठिकाण, वाणाचा मालक, शेरा. मालकाच्या रकान्यात माझ्या पेनने अर्बाबचं नाव लिहिलं. पेनने म्हणतो, कारण मला ते लिहिल्याचं कळलंसुद्धा नाही. त्या देशात उतरल्या दिवसापासून जिथे जिथे मालक असा रकाना आला तिथे मी तेच नाव लिहीत आलो होतो. व्हिसावर तेच, लेबर कार्डावर तेच, गाडीवर तेच. क्वार्टरमागे मी हौसेने आळू लावलं होतं, त्याच्या पाण्याच्या परवानगीवरही तेच. मालक म्हटलं की दुसरं कुणी असू शकतं हे माझा हात विसरून गेला होता. आजीचं नाव मी शेऱ्यात लिहिणार होतो, हे मला पक्कं आठवतं. तेवढ्यात क्रेनवाल्याने हाक मारली. शेऱ्यात मी घाईने लिहिलं, 'खारट पाण्यात तग धरते. उत्पन्न मध्यम.' आणि सही ठोकून दिली.

प्रदर्शनात आमच्या भेंडीला चांगली जागा मिळाली होती. काचेच्या बरणीत बी, बाजूला फोटो, वर अरबीत आणि इंग्रजीत पाटी. पाटीवर लिहिलं होतं की अमुक शेखांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या जपलेला हा वाण. अर्बाबचे मुलगे खूश होऊन फोटो काढत होते, आमच्या आजोबांची बामिया म्हणून. बामिया म्हणजे भेंडी. मी पाटी पुन्हा एकदा वाचली. तेवढ्यात मागून उम्म सालिमचा आवाज आला.

ती नवी कोरी ओढणी घेऊन आली होती. नात रय्या कॉलेजात शिकायची, ती गाडी लावायला गेली होती. म्हातारीला अक्षर येत नव्हतं. तिने बरणीकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"पढ़ो," ती म्हणाली.

मी अर्बाबच्या नावावर बोट ठेवलं आणि तिच्या आजीचं नाव वाचलं. मधे अडखळलो. तिने दुरुस्त केलं. पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा तिने मान हलवली, हात पुढे केला आणि त्या अक्षरांवरून बोटं फिरवली, देवाच्या मूर्तीवरून आपण फिरवतो तशी. नाव मालकाचं होतं, ज्या घराण्याने तिच्या आजीला विकत घेतलं त्या घराण्याचं, आणि ती त्यावरून हात फिरवत होती. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रय्या आली. तिने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "यल्ला, घर चलो."

दुसऱ्या दिवशी मी प्रदर्शनाच्या ऑफिसात गेलो. वरातीमागून घोडं. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला, दुरुस्ती करता येईल, मालकाची सही आणा. कोणत्या मालकाची? फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याची. म्हणून संध्याकाळी अर्बाबच्या बैठकीत गेलो. त्याने शेजारी बसवलं, खजूर पुढे केला, कॉफी ओतवली. माझा व्हिसा त्याच महिन्यात नवा व्हायचा होता, त्याची त्याने स्वतःहून आठवण काढली, म्हणाला, काळजी करू नकोस. मग म्हणाला, मुहंदिस, तू आमच्या आजोबांचं नाव राखलंस. तिकडे कॉफी पुरे झाली की कप हलवून परत द्यायचा असतो. मी कप हलवला, परत दिला आणि उठलो. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच असेल. त्याने कदाचित सही दिलीही असती. मी विचारलंच नाही, त्यामुळे ते कधीच कळणार नाही, आणि त्याचा दोष त्याच्यावर टाकायचीही सोय राहिली नाही.

बाग उठली. उचललेल्या खजुरांतली निम्मी वर्षाच्या आत वाळली, चुन्याच्या रेघा अगदी बरोबर उत्तरेला होत्या तरी. उम्म सालिमला मुलाने आतल्या बाजूला नव्या वस्तीत घर बांधून नेलं. अंगणाला फरशी. मी तिला बारा कुंड्या नेऊन दिल्या, माती भरून, तिचंच बी लावून. नळाच्या गोड पाण्यावर झाडं भराभर वाढली, पाला माजला आणि फळच धरेना. मी खतं बदलली, पाणी तोडलं, विहिरीचं खारं पाणीसुद्धा नेऊन घातलं. ती बघत बसायची. एकदा म्हणाली, रहने दो, इनको यहाँ अच्छा नहीं लगता. कुणाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही. दोन वर्षांनी ती गेली. मी तेव्हा महिनाभर दूर दुक्म बंदराच्या कामावर होतो, मला आठ दिवसांनी कळलं.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा बॅगेत तिच्या माळेतल्या चार शेंगा होत्या. परसात लावल्या. पहिल्या वर्षी लाल खोडं पाहून शेजारी विचारायचे, ही कुठली? मी सांगायचो, एका आजीची. ते म्हणायचे, म्हणजे मस्कतची. दुसऱ्या वर्षी खोडं फिकट लाल. तिसऱ्या वर्षी हिरवी, गुळगुळीत, बाजारात मिळते तशी. शेजारच्या वाडीत हायब्रिड होती आणि मधमाश्यांना कुंपण नसतं. भेंडीचं बी राखायचं तर दुसऱ्या भेंडीपासून लांब लावावी लागते, हे पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तिथेही मला मार्क मिळाले होते.

दोन हजार एकोणीस संपत आलं होतं तेव्हा रय्याचा फोन आला. आता ती मस्कतला अल् घुब्रामध्ये राहते, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. तिला मुलगी झाली होती. सातव्या दिवशी नाव ठेवायचं होतं आणि तिला ठेवायचं होतं आजीच्या आजीचं, आईने ठेवलेलं, खरं नाव. घरात विचारलं तर बाप आणि चुलते म्हणाले, अशी कुणी नव्हतीच. "अंकल, दादी ने सिर्फ आपको बताया था," ती म्हणाली. "मैं छुपाना नहीं चाहती. मुझे वो नाम दे दीजिए."

मी सांगितलं, उद्या फोन करतो. नाव तोंडावर होतं, पण येत नव्हतं. मी माळ्यावरून डायऱ्या काढल्या, त्या वर्षाची सापडली, तो दिवसही सापडला. झाडं उचलली अकरा. क्रेन दोन तास उशिरा. विहिरीचा क्षार, यंत्राचा आकडा, खाली दोन रेघा. बामिया, स्थानिक, लाल खोड. बस्स. पाच दिवस मी अक्षरं जुळवत फिरलो. बायकोला वाटलं, मला काहीतरी झालंय. मधे जीभ अडखळते ते आठवतं, तिने दुरुस्त केलं ते आठवतं, पाटीवरून फिरणारी तिची बोटं आठवतात. नाव नाही. एकदा मनात आलं, एखादं बरं वाटेल असं नाव बनवून सांगावं. तिला कधी कळलं नसतं. म्हातारीलाही कळलं नव्हतं. पण दुसऱ्यांदा ते माझ्याने झालं नाही.

सहाव्या दिवशी मी फोन केला आणि सांगितलं, मला आठवत नाही. पलीकडे बाळाची कुरकुर ऐकू आली.

"उस दिन गाड़ी में दादी बहुत खुश थी," रय्या म्हणाली. "बोली, मुहंदिस ने नाम पढ़ के सुनाया. बोर्ड पे वो नाम नहीं था, मैंने देखा था. मैं चुप रही. सोचा, चलो, बोर्ड पे नहीं है तो अंकल के पास तो है."

मुलीचं नाव झुवेना ठेवलं, उम्म सालिमचंच. त्याच्या मागे जायला त्या घरात आता कुणाचं खरं नाव उरलेलं नाही. मी अजून सकाळी परसात पाणी घालताना 'विंबी' म्हणून पाहतो, वाटतं त्याच्या मागोमाग दुसराही शब्द येईल. मग हिरवी भेंडी तोडून घरात येतो.